आधी प्लॅस्टिक ओळखा, मग फेविक्विक उघडा!

प्रोजेक्ट एक्झिबिशन जवळ आलं की हॉस्टेलमध्ये ज्याच्या-त्याच्या खिशात फेविक्विक. पण मित्रांनो, फेविक्विक म्हणजे सर्व रोगांवर एकच औषध नव्हे! काय चिकटवायचं आहे ते आधी पाहावं लागतं. उदाहरणादाखल आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं कोयना धरण घेऊ.

धरणाची उंची १०३ मीटर, म्हणजे १:१००० स्केलला १०.३ सेंमी. भिंत आणि तिच्यामागचा शिवसागर जलाशय अ‍ॅक्रिलिकचा करावा, कारण परीक्षकांसमोर त्यात खरं पाणी ओतायचं असतं. अ‍ॅक्रिलिकला लागतो क्लोरोफॉर्म. खरं तर हा डिंकच नाही. तो दोन्ही कडा किंचित विरघळवतो, दोन्हीकडच्या पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींत शिरतात, क्लोरोफॉर्म उडून जातो आणि सांध्यात उरतं नुसतं अ‍ॅक्रिलिक. थोडक्यात, आपलं वेल्डिंगच! म्हणूनच फट असेल तर तो ती भरत नाही. कडा पॉलिश पेपरने सपाट करायच्या, तुकडे कोरडेच जुळवायचे आणि सिरिंजने कडेला थेंब सोडायचे. कॅपिलरी अ‍ॅक्शनने ते आपोआप आत ओढले जातात. मात्र पाणी दुसऱ्या दिवशीच ओता.

आता महत्त्वाचं. क्लोरोफॉर्मच्या वाफेने चक्कर येते, गुंगी येते, लिव्हरलाही अपाय होतो. दारं-खिडक्या लावून रात्री रूमवर हे काम अजिबात नको, गच्ची कशासाठी आहे? जवळ सिगरेट किंवा शेगडीही नको, कारण ज्वाळेत त्याचा विषारी फॉस्जीन होतो. उजेडातही थोडा होतोच, म्हणून बाटली ब्राऊन काचेची.

बाजूचे सह्याद्रीचे डोंगर थर्मोकोलचे. इथे फेविक्विक किंवा फेविबॉन्ड लावलं तर डोंगराला भगदाड पडलंच समजा! साधा फेव्हिकॉल पातळ लावा, टाचण्यांनी धरून ठेवा आणि रात्रभर विसरून जा. त्यातलं पाणी उडायला वेळ लागतो.

पोफळीच्या वीजगृहाकडे जाणारा बोगदा पीव्हीसी पाईपचा असेल, तर पाईपला पाईप जोडायला प्लंबरचं सॉल्व्हंट आहेच. पण तो पाईप अ‍ॅक्रिलिकच्या जलाशयाला जोडताना प्लॅस्टिक दोन जातींची होतात. तिथे अ‍ॅरल्डाइट. रेझिन आणि हार्डनर समसमान, आणि दोन्ही पृष्ठभाग आधी खरवडून घ्यायचे.

मग फेविक्विक कुठे? वीजेच्या खांबासारख्या बारीकसारीक वस्तूंना, एकच थेंब. हे सायनोअ‍ॅक्रिलेट हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं. पावसाळी दमट हवेत त्याची वाफ पारदर्शक अ‍ॅक्रिलिकवर पांढरी बसते आणि सगळा शो जातो! कापसावर सांडलं तर भाजण्याइतकं तापतं. बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवा.

राहिलं बादली-डब्यांचं पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन. त्यावर यातला एकही डिंक धड धरत नाही, सरळ नट-बोल्ट मारा.