यंत्राची होडी

कोकणच्या खाड्यांतून धावणारी यंत्राची होडी तुम्ही पाहिली असेल. यंत्राने वल्ह्यांचे श्रम वाचविले; सावधगिरीचे श्रम मात्र माणसाकडेच राहिले आहेत.

होडीच्या मागच्या फळीवर बसविण्याचे असे यंत्र ओल एव्हिनरूड याने 1909 मध्ये अमेरिकेत विकावयास आरंभ केला. आज ते लहान होड्यांवरही दिसते.

जाणता तांडेल पेट्रोल काठावरच भरतो. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती होडीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने पेटते. पेट्रोलचे तो तीन भाग कल्पितो : एक जाण्यास, एक येण्यास आणि एक संकटासाठी.

यंत्र सुरू होताच त्यातून उडणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेकडे तो पाहतो. यंत्रास थंड ठेवणारे पाणी वाहत आहे, याची ती खूण होय. शेवाळ वा प्लॅस्टिक अडकून धार थांबली, तर तो यंत्र तत्काळ बंद करतो. परतल्यावर ते गोड्या पाण्याने धुतो. नाहीतर आत मीठ साचते आणि धातू गंजतो.

सर्वांच्या अंगी जीवरक्षक जाकीट असते. शिवाय यंत्राच्या कळीस जोडलेली दोरी तांडेल आपल्या मनगटास अडकवितो. तो पाण्यात पडला, तर दोरीच्या ओढीने यंत्र बंद पडते. एरवी मोकळी होडी गिरकी घेऊन फिरत्या पंख्यासह त्याच्याच अंगावर येईल.

दोरी अडकविण्यास क्षण पुरतो; विसरल्यास प्राणांवर बेतते.

स्वाध्याय
1. पाण्याची धार थांबल्यास तांडेल काय करतो? का?
2. कारणे द्या : पेट्रोल काठावर भरावे.