आज्ञा आणि विवेक

वडीलधाऱ्यांचा शब्द मोडू नये, ही शिकवण आपणां सर्वांस बालपणापासून मिळालेली आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु मनुष्य आज्ञा पाळतो, तो ती न्याय्य आहे म्हणूनच पाळतो काय? की प्रसंग आणि रूढी त्याच्याकडून ती पाळवून घेतात? प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

प्रथम शेजारचे उदाहरण घेऊ. सिल्वासापासून फार दूर नसलेल्या तलासरी-डहाणू भागात वारली बांधव पिढ्यान्‌पिढ्या जमीनदारांची वेठ करीत. लग्नासाठी कर्ज काढणारा तरुण ते फेडण्याकरिता धनकोच्या घरी राबे. त्यास ‘लग्नगडी’ म्हणत. बापाने केले तेच मुलाने करावयाचे, अशी रूढीच पडली होती. एकट्याने नकार दिला तर मार ठरलेला. मे १९४५ मध्ये झरी येथे किसान सभेची परिषद भरली. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो वारली एकत्र बसले आणि यापुढे वेठ करावयाची नाही, असे त्यांनी ठरविले. माणसे तीच, जमीनदार तेच. मग बदलले काय? आपण एकटे नाही, हे प्रत्येकास दिसले. या नकाराचे मोलही मोठे होते. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे गोळीबारात पाच आदिवासी मृत्युमुखी पडले. तथापि चळवळ थांबली नाही आणि वेठ मोडली.

दुसरे उदाहरण आपल्या गावचेच आहे. जुलै १९५४ मध्ये प्रथम दादरा व नंतर नरोली मुक्त झाली. दमणहून येणारी वाट भारत सरकारने बंद केल्यामुळे पोर्तुगीज सत्तेची कुमक येथे पोहोचू शकत नव्हती. २ ऑगस्ट रोजी सिल्वासा मुक्त झाले, आणि कॅप्टन फिदाल्गो यांनी ११ ऑगस्ट रोजी उदवा येथे शरणागती पत्करली. आज्ञा देणारे दूर राहिले की आज्ञेचे बळ कसे ओसरते, हे यावरून ध्यानी येते.

या दोन्ही गोष्टींना शास्त्रीय प्रयोगाचाही आधार आहे. १९६१ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ले मिलग्रॅम यांनी सामान्य नागरिकांस बोलावून, उत्तर चुकणाऱ्या गृहस्थास विजेचा धक्का देण्यास सांगितले. धक्के खोटे होते, पण देणाऱ्यास ते ठाऊक नव्हते. ४० पैकी २६ जणांनी शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत आज्ञा पाळली. आज्ञा देणारा खोलीबाहेर जाऊन दूरध्वनीवरून बोलू लागला, तेव्हा हे प्रमाण सुमारे एक पंचमांशावर आले. आणि शेजारी बसलेल्या दोन सोबत्यांनी नकार दिला, तेव्हा ४० पैकी केवळ चारच जण शेवटपर्यंत गेले. दुष्ट माणसेच अन्याय्य आज्ञा पाळतात, हा समज या प्रयोगाने खोटा ठरविला.

आता संस्कृतीचा विचार करू. आपण कोणापुढे मान लववावी, हे संस्कृती शिकविते. पण मर्यादाही तीच घालते. तैत्तिरीय उपनिषदात आचार्य शिष्यास माता, पिता व गुरू यांना देव मानावयास सांगतात. आणि त्याच उपदेशात, आमची जी सत्कृत्ये असतील त्यांचेच अनुकरण कर, इतरांचे नको, असेही बजावतात. गीतेच्या अठराव्या अध्यायातही भगवान अर्जुनास सर्व सांगून झाल्यावर पूर्ण विचार करून इच्छेस येईल तसे करावयास सांगतात. गुरू व ईश्वर ज्यास विचाराची मोकळीक देतात, त्याने अनोळखी माणसाच्या दरडावणीपुढे विचार का सोडावा?

हे सांगण्याचे कारण आजचे आहे. पोलीस वा तपास अधिकारी असल्याची बतावणी करून काही भामटे दूरध्वनीवर चित्ररूपाने गणवेशात दिसतात, ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगतात आणि घरच्यांस कळवू नका, असे बजावून पैसे उकळतात. अशी अटक कायद्यात नाही. त्यांची सारी युक्ती दोनच गोष्टींवर उभी आहे: गणवेशाविषयीचा आपला आदर, आणि आपले एकटेपण. म्हणून ‘कोणास सांगू नकोस’ ही आज्ञा आली की प्रथम घरातल्यांस सांगावे, दूरध्वनी बंद करावा, आणि १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. घरातील वृद्धांस हे आजच समजावून द्यावे. भीतीने किंवा फसून पैसे दिले असतील तर त्यांस बोल लावू नये. बोल लागेल या भयानेच माणूस गप्प बसतो आणि अधिक गुंततो.

मुलांसही आज्ञाधारक करावे, परंतु ‘हे का?’ असे नम्रपणे विचारण्याची मोकळीक द्यावी. घरात ज्यास प्रश्न विचारता आला, त्यास बाहेर नकार देता येतो.

मननासाठी प्रश्न:
१. झरी येथे एकत्र आल्यावर वारली बांधवांस नकार देणे का शक्य झाले?
२. आज्ञा देणारा दूर गेल्यावर आज्ञेचे बळ का कमी होते?
३. आपल्या घरी संकटसमयी प्रथम कोणास सांगावयाचे, हे सर्वांनी ठरविले आहे काय?