सीतेची वेणी : बीजापासून फुलापर्यंत

सृष्टींत कित्येक वनस्पती अशा आहेत कीं, त्यांचें सौंदर्य सर्वांस ठाऊक असतें, परंतु त्यांच्या बालपणाचा वृत्तान्त फारच थोड्यांस माहीत असतो. 'सीतेची वेणी' ही त्यांपैकींच एक होय. कोंकणांत व सह्याद्रीच्या रानांत आंबा, फणस, ऐन अशा वृक्षांच्या फांद्यांवर ही वाढते. पावसाळ्याच्या तोंडीं तिच्या पानांच्या बगलेंतून वीतभर किंवा त्याहूनहि लांब असा फुलांचा तुरा खालीं लोंबूं लागतो. पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळट गुलाबी ठिपके असलेलीं पुष्कळ फुलें त्यांत दाटीनें गुंफलेलीं असतात. म्हणूनच लोकांनीं तिला वेणीची उपमा दिली. दूर आसामांत हेंच फूल 'कोपौ फूल' या नांवानें प्रसिद्ध असून तेथील स्त्रिया बिहूच्या उत्सवांत तें केसांत माळतात. शास्त्रज्ञ हिची गणना ऑर्किड, म्हणजे आमरी, या कुलांत करितात. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत एके काळीं प्राध्यापक असलेले फादर सांतापाव व त्यांचे सहकारी कपाडिया यांनीं मुंबई प्रांतांतील आमरींवर लिहिलेला ग्रंथ १९६६ सालीं प्रसिद्ध झाला.

वृक्षावर वाढते म्हणून पुष्कळ लोक हिला बांडगूळ समजतात. तो समज खरा नव्हे. बांडगूळ आपलीं मुळें फांदीच्या आंत घालून झाडाचा रस शोषून घेतें. सीतेची वेणी झाडाकडे केवळ बसावयास जागा मागते. तिचीं जाड मुळें सालीला बाहेरूनच चिकटतात. त्यांवर स्पंजासारखें पांढरें आवरण असतें. तें पावसाचें व दंवाचें पाणी टिपून घेतें. सालीवर सांचलेला पालापाचोळा व धूळ यांतून जे क्षार विरघळतात, तेवढ्यावर तिचा निर्वाह चालतो.

आतां हिच्या बीजाचा विचार करूं. वरळी कोळीवाड्यांतील मुलांस हा विषय समजावून सांगणें सोपें आहे, कारण मासळीच्या पोटांतील गाबोळी त्यांनीं पाहिलेलीच असते. एका गाबोळींत अंडीं किती, आणि त्यांतून मोठे मासे किती होतात! आमरीच्या बोंडाचीहि तीच गोष्ट. चार्ल्स डार्विन यानें १८६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत इंग्लंडांत जमिनीवर वाढणाऱ्या एका आमरीचा हिशेब दिला आहे. तिच्या एका बोंडांत सुमारें ६,२०० बिया व एका झाडास तीस बोंडें, म्हणजे एकंदर १,८६,००० बिया! वृक्षांवर वाढणाऱ्या कित्येक जातींच्या तर एकाच बोंडांत लाखों बिया असतात. मग सारीं अरण्यें आमरींनीं भरून कां जात नाहींत? कारण असें कीं, माशाच्या अंड्यांत पिलासाठीं थोडें तरी अन्न सांठविलेलें असतें; आमरीचें बीं मात्र धुळीच्या कणाएवढें असून त्याजवळ शिदोरी जवळजवळ नसतेच.

मग तें रुजतें कसें? नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञास १८९९ सालीं याचें उत्तर सांपडलें. योग्य जातीची सूक्ष्म बुरशी बीजांत शिरली, तर तिच्याकडून त्यास अन्न मिळतें व तें अंकुरतें. रानांत हा योग फारच थोड्या बीजांस लाभतो. पुढें १९२२ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विश्वविद्यालयाचे लुईस नडसन यांनीं दाखवून दिलें कीं, बुरशीचें काम साखर करूं शकते. पाण्यांत साखर व कांहीं क्षार घालून तें आगर या पदार्थानें थिजवितात, कांचेच्या बाटलींत वाफेनें निर्जंतुक करितात, आणि त्यावर निर्जंतुक बीं पेरतात. नडसन यांच्या प्रसिद्ध कृतींत एक लिटर पाण्यास २० ग्रॅम साखर असें प्रमाण आहे. हा आगर समुद्रांतील तांबड्या शेवाळांपासून काढतात. म्हणजे रानांतील फुलाला पाळणा समुद्रानें दिला, असें म्हणावयास हरकत नाहीं. बीं प्रथम फुगून हिरव्या मण्यासारखें होतें, मग त्यास पान व त्यानंतर मूळ फुटतें. बाहेर काढण्याजोगें रोप होण्यास बहुधा वर्षभर लागतें.

पेरणीचें काम प्रयोगशाळेचें खरें. पण रोपांचें पुढील संगोपन कोळीवाड्यांतील लहानशा घराच्या ओटीवरहि होऊं शकेल. मुळांना चिकटलेला आगर प्रथम कोमट पाण्यानें पूर्ण धुवून टाकावा. नाहींतर त्यांतील साखरेवर बुरशी वाढून रोप कुजतें. बाटलींतील दमट हवेची रोपांना सवय असते, म्हणून कांहीं आठवडे तीं झांकलेल्या भांड्यांत ठेवून झांकण दिवसेंदिवस अधिक उघडावें. नंतर नारळाच्या सोडणाचे धागे व कोळशाचे तुकडे भरलेल्या, भोंकें असलेल्या लहान कुंडींत तीं लावावीं. मोठीं झाल्यावर आंब्याच्या लांकडावर बांधावीं.

समुद्रकांठीं एक विशेष दक्षता घेतली पाहिजे. मीठ आमरीस सोसत नाहीं. सोडण गोड्या पाण्यांत दोन-तीनदां भिजवून तें पाणी टाकून द्यावें. बांधण्यास जाळ्याची जुनी दोरी घेतल्यास तीहि तशीच धुवावी. खाऱ्या वाऱ्यानें पानांवर बसलेला थर गोडें पाणी शिंपडून घालवावा. सकाळचें कोवळें ऊन पुरे होतें. मूळ रुपेरी दिसलें म्हणजे तें कोरडें आहे, हिरवें झालें म्हणजे पाणी प्यालें, ही खूण ध्यानांत ठेवावी. पानांच्या बेचक्यांत रात्रीं पाणी सांचूं देऊं नये. अशी निगा राखली, तरी पहिली वेणी येण्यास आणखी चार-पांच वर्षें, कधीं त्याहूनहि अधिक काळ लागतो.

इतके दिवस कोण थांबणार, असें कोणी म्हणेल. याच उतावळेपणामुळें रानांतील जुनीं झाडें फांद्यांवरून ओरबाडून विकलीं जातात. मुळें तुटल्यामुळें त्यांतील पुष्कळ शहरांत मरतात, आणि बोंडें देणारें झाडहि रानांतून नाहींसें होतें. १९७३ सालीं वॉशिंग्टन येथें झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराखालीं आमरीच्या संपूर्ण कुलाच्या परदेशी व्यापारावर नियंत्रण आहे. परंतु कायद्याचा पहारा प्रत्येक फांदीवर बसूं शकत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून नारळी पौर्णिमेपर्यंत थांबण्याची रीत तुमच्या वाडवडिलांनीं पाळली. दर्या खवळलेला असतो, आणि त्याच काळांत पुष्कळ मासळी अंडीं घालते. जो आज थांबतो, त्यालाच उद्यां जाळें भरून मिळतें. हाच न्याय रानालाहि लागू आहे. बाजारांत सीतेची वेणी विकावयास आलेली दिसली, तर प्रथम तिचीं मुळें पाहावीं. त्यांना झाडाची साल चिकटलेली असली, तर ती रानांतून तोडलेली आहे असें समजावें व ती घेऊं नये. बाटलींत वाढविलेलें बोटभर रोप घ्यावें, आणि त्याच्या पहिल्या वेणीची वाट पाहावी.