पोटातील न दिसणारा रक्तस्राव

रक्तस्राव म्हटला की तो डोळ्यांना दिसणारा, असेच आपण समजतो. परंतु काही वेळा रक्त बाहेर न येता पोटाच्या पोकळीतच साचत जाते. घरची माणसे पोटशूळ समजून ओवा, हिंग व शेक यांवर रात्र काढतात, आणि सकाळपर्यंत फार उशीर झालेला असतो. म्हणून या विषयाची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

गर्भाशयाच्या स्नायूंत वाढणाऱ्या गाठीस फायब्रॉइड म्हणतात. पुष्कळ स्त्रियांना ती असते व बहुधा निरुपद्रवी असते. सार्कोमा म्हणजे कर्करोगाची गाठ क्वचितच आढळते. मात्र गाठ गर्भाशयाच्या बाहेरच्या अंगास वाढली, तर तिच्यावर पातळ भिंतीच्या शिरा फुगून येतात. पाळीच्या दिवसांत, गरोदरपणी, ओझे उचलताना, शौचास जोर करताना किंवा पोटावर मार बसल्यास अशी एखादी शीर फुटू शकते. कधी सार्कोमाची गाठच फुटते. व्हिएन्नाचे रोगशास्त्रज्ञ रोकिटान्स्की यांनी १८६१ साली फायब्रॉइडमुळे झालेल्या अशा रक्तस्रावाची नोंद केली; त्यानंतरही जगात असे रुग्ण थोडेच नोंदले गेले आहेत.

याहून नेहमीचे कारण म्हणजे गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटणे. म्हणून रुग्णालयात प्रथम गर्भचाचणी व सोनोग्राफी करतात. कारण कोणतेही असो, लक्षणे मात्र सारखीच असतात :

१. पोटात एकाएकी तीव्र कळ येऊन पोट फुगणे किंवा कडक होणे.
२. चेहरा पांढरा पडणे, थंड घाम सुटणे, नाडी जलद चालणे.
३. उठताच घेरी येणे.
४. खांद्याच्या टोकाशी दुखणे. साचलेले रक्त श्वासपटलास लागल्याने असे होते.

प्रौढ स्त्रीच्या अंगात सुमारे चार ते साडेचार लिटर रक्त असते. त्यातील दीड लिटर गेले तरी जिवास धोका होतो. अशा वेळी जुलाबाचे औषध देऊ नये, पोट चोळू नये. शस्त्रक्रियेची शक्यता असल्याने खाण्यापिण्यासही देऊ नये. रुग्णास आडवे निजवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. रक्त देऊन पोट उघडणे व फुटलेली शीर बांधणे, जरूर तर गाठ किंवा गर्भाशय काढणे, हाच उपाय आहे.

आपल्या सीमाभागात एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. निपाणीहून बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर, तर कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर आहे. बेळगावास जिल्हा रुग्णालय व केएलई संस्थेचे डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आहे. कोल्हापुरास छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. राज्य कोणते, हा विचार त्या घटकेस करू नये. शस्त्रक्रियेची व रक्ताची सोय जेथे लवकर मिळेल तेथे जावे.

विड्या वळणाऱ्या, शेतात राबणाऱ्या आमच्या भगिनी दुखणे अंगावर काढतात. गाठ असल्याचे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी घाबरून जाऊ नये, पण तपासणीचे कागद हाताशी ठेवावेत. पाळी गेल्यानंतर गाठ वाढू लागली किंवा रक्तस्राव झाला, तर विलंब न करता तपासणी करावी. सभासद बंधुभगिनींनी आपापला रक्तगट माहीत करून घ्यावा व रक्तदानास पुढे यावे. महोत्सवाच्या वर्षी प्रत्येक घराने एवढे केले, तरी एखाद्या मातेचा जीव वाचेल.