कातळाची ओळख
(तृतीय वर्ष कला, भूगोल)

ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या धीम्या लोकलमध्ये बसले की कळव्यानंतर मुंब्रा येते. डोंगरावर मुंब्रादेवीचे देऊळ दिसते, कुणी हात जोडतो, गाडी पुढे जाते. माझी मुंब्र्याशी ओळख तेवढीच होती. त्याच डोंगराच्या पायथ्याचे काळे धोंडे प्रस्तरारोहणाची जुनी शाळा आहेत, हे मला प्रथम वर्षाला असताना एका मित्राने सांगितले आणि पुढच्या रविवारी तेथे नेलेही.

प्रस्तरारोहण म्हटले की आपल्यापुढे सह्याद्रीचा सुळका आणि त्यात मेखा ठोकत वर जाणारा वीर उभा राहतो. मला ज्याविषयी लिहायचे आहे ते प्रकार याहून लहान आहेत. पहिला बोल्डरिंगचा. पुरुष-दीड पुरुष उंचीचा, कधी दुप्पट उंचीचा धोंडा. दोर नाही, खाली जाड गादी आणि मागे हात पसरून उभा असलेला सोबती. या सोबत्याने पडणाऱ्याला झेलायचे नसते. त्याचे डोके आणि पाठ वाचेल, तो पायांवर गादीतच उतरेल, एवढी दिशा द्यायची असते. दुसरा प्रकार स्पोर्ट क्लाइंबिंगचा. येथे कड्यात आधीच भोके पाडून पोलादी बोल्ट बसवलेले असतात. चढणारा प्रत्येक बोल्टला क्विकड्रॉ अडकवून त्यातून आपला दोर घेतो आणि खालचा सोबती बिले देतो, म्हणजे दोर सोडतो आणि वेळ आली की धरतो. शेवटच्या बोल्टच्या वर एक मीटर असताना हात सुटला तर माणूस एक नव्हे, निदान दोन मीटर पडतो. शिवाय दोराचा ताण आणि ढिलाई वेगळीच. हे गणित सोपे आहे, पण वर असताना ते पोटात जाणवते.

हा खेळ आता ऑलिंपिकमध्येही आहे. टोकियोची 2020 ची स्पर्धा 2021 मध्ये झाली, तेव्हा तो तेथे प्रथम आला. साहजिकच शहरांतून कृत्रिम भिंती उभ्या राहिल्या. मीही आधी अशाच भिंतीवर शिकलो. तेथे रंगीत पकडी स्क्रूने आवळलेल्या असतात. पकड मोठी की लहान, एवढाच प्रश्न. ती निघून हातात येईल की काय, हा विचारच मनात येत नाही. माझी खोड नेमकी येथे लागली.

गेल्या डिसेंबरात आम्ही एका दहा-बारा मीटरच्या कातळावर वरून दोर लावून चढत होतो. मित्र बिले देत होता. अर्ध्यावर मला उजव्या हाताला एक सुरेख कंगोरा दिसला. चारही बोटे बसतील असा. मी त्यावर सगळा भार टाकला आणि तो कंगोरा माझ्यासह बाहेर आला. मी दोरावर लोंबकळलो. दगड मात्र खाली गेला. मित्र कड्याच्या बाजूला सरकून उभा होता, डोक्याला हेल्मेट होते, तरी एका उसळीत तो त्याच्या खांद्याला घासून गेला. त्याने "आई गं!" म्हटले, पण दोरावरची मूठ सोडली नाही. मला सावकाश खाली उतरवून मगच त्याने सदऱ्याची बाही वर केली. रक्त येत होते. "ठोकून पाहिलं होतंस का?" एवढेच त्याने विचारले. मी पाहिले नव्हते.

वास्तविक मी भूगोलाचा विद्यार्थी. दख्खनचा पठारी प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला, हे मी परीक्षेत दोनदा लिहिले होते. पण त्या थरांचा माझ्या बोटांशी संबंध आहे, हे ध्यानात आले नव्हते. बेसॉल्टचा एकेक थर आतून सारखा नसतो. मधला भाग घट्ट, कठीण. थंड होताना आकसल्यामुळे त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात. त्यांत पुढे झिओलाइटचे पांढरे स्फटिक भरतात. दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा लाल मातीचा पट्टा असतो. तो हाताने उकरला जातो. शिवाय पावसापाण्याने बेसॉल्ट कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटतो. माझा कंगोरा असाच एक जाड पापुद्रा होता. बाहेरून अखंड, आतून सुटलेला. मुठीने ठोकले असते तर ठणठणीत आवाजाऐवजी पोकळ, डबडब असा आवाज आला असता. दोन सेकंदांचे काम!

सुट्टीत आम्ही बदामीला गेलो, तेव्हा हा फरक अधिकच स्पष्ट झाला. चालुक्यांच्या लेण्यांमुळे ते गाव आपल्याला ठाऊक आहे. तिसऱ्या लेण्यातील शिलालेख इ. स. 578 चा. तेथील तांबूस खडक वालुकाश्म आहे. वाळूचे आडवे थर असल्यामुळे कड्यावर फळीसारख्या पकडी मिळतात आणि बुटाच्या रबराला तो खरखरीत पृष्ठभाग धरून ठेवतो. गिर्यारोहक तेथे दूरदूरहून येतात ते उगीच नव्हे. मात्र वालुकाश्म भिजला की कमकुवत होतो. पावसानंतर वरून कोरडा दिसला तरी आत ओल असते. अशा दिवशी चढले तर पकड तुटते आणि मागून येणाऱ्यांसाठी ती वाट कायमची बिघडते. आमच्यातले दोघे एक दिवस फुकट गेला म्हणून कुरकुरत होते. मी मुकाट्याने लेणी पाहायला गेलो.

येथे बोल्टांचा वादही सांगितला पाहिजे. कातळाला भोके पाडू नयेत असे म्हणणारे आहेत. मला वाटते, लेणी व शिल्पे यांच्या जवळपास तर यंत्र न्यायचाच नाही. पण इतरत्र, जाणत्या माणसाने चांगल्या खडकात बसवलेला बोल्ट गंजक्या मेखेपेक्षा पुष्कळ बरा. प्रश्न पुन्हा "चांगल्या खडकात" या शब्दांवरच येतो. पोलाद कितीही भक्कम असले तरी ते ज्या दगडात रुतले आहे तो सुटा असेल तर काय उपयोग?

माझ्या हातून निघालेला तो दगड मी पिशवीत घालून आणला. आता तो भूगोल विभागाच्या कपाटात आहे. त्याच्या एका पोकळीत झिओलाइट अगदी स्पष्ट दिसते. सरांनी चिठ्ठीवर खडकाचे नाव आणि ठिकाण लिहायला सांगितले. वजन लिहायला कुणी सांगितले नव्हते, पण मित्राने हट्टाने वाण्याच्या तराजूवर करून घेतले. सव्वा किलो भरले.