‘एव्हरीवन’ला सगळं देऊन टाकू नकोस

अगं, डेस्कटॉपवरचा फोटोंचा फोल्डर लॅपटॉपवरून उघडत नाही म्हणून त्यावर ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देऊन मोकळी हो, असं तुला कुणी सांगितलं असेल तर जरा थांब. तेवढ्यानं भागलं नाही की माणूस पासवर्डची अटही काढून टाकतो, आणि मग वायफायवर आलेल्या कुठल्याही लॅपटॉपवरून आई-बाबांचे फोटो पुसता येतात. घरातल्या एका लॅपटॉपमध्ये रॅन्समवेअर शिरलं, तरी या फोल्डरमधलं सगळं कुलूपबंद करायला त्याला वेळ लागत नाही. ते फोटो पुन्हा काढता येणार नाहीत गं.

त्यापेक्षा स्क्रीनवर काय लिहून येतंय ते नीट वाच. डेस्कटॉप सापडतच नाही असं म्हणत असेल, तर परवानग्यांच्या वाटेला जाऊच नकोस. डेस्कटॉपवर नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे का बघ. ‘पब्लिक’ असेल तर तो इतरांपासून लपून बसतो. डेस्कटॉप आणि लॅपटॉप यांतलं एखादं राउटरच्या गेस्ट वायफायवर तर नाही ना, हेही बघ. नावानं सापडेना, तर एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा मारून डेस्कटॉपचा आयपी पत्ता टाक. तसं उघडलं तर घोळ फक्त नावाचा.

नाव-पासवर्ड विचारून पुन्हा पुन्हा नाकारत असेल, तर तू पिन टाकत असशील. बहुतेक जण इथेच अडकतात. पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. तिथे खात्याचा खरा पासवर्डच लागतो, आणि तोही डेस्कटॉपवरच्या खात्याचा, तुझ्या लॅपटॉपचा नव्हे. माझं ऐकशील तर डेस्कटॉपवर फक्त या कामासाठी एक वेगळं लोकल खातं उघड, साधं नाव आणि पक्का पासवर्ड देऊन. मग लॅपटॉपच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये डेस्कटॉपच्या नावानं जुनी नोंद असेल ती काढून टाक. नाहीतर विंडोज तुला न विचारता जुनाच पासवर्ड पुढे करत राहतं आणि तू बिचारी नवा पासवर्ड चुकला म्हणून डोकं धरून बसशील.

आता ‘ॲक्सेस डिनाइड’. म्हणजे तुला ओळखलंय, पण आत सोडायचं नाही असं ठरलंय. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शेअरिंग’ आणि ‘सिक्युरिटी’ असे दोन टॅब आहेत आणि दोन्हीकडे वेगवेगळ्या परवानग्या असतात. सोसायटीच्या गेटवर वॉचमननं सोडलं, तरी फ्लॅटचं दार घरच्यांनीच उघडावं लागतं ना, तसंच हे. दोन्हींत जी परवानगी कमी, तीच नेटवर्कवरून लागू होते. शेअरिंगमध्ये ‘चेंज’ आणि सिक्युरिटीत नुसतं ‘रीड’ असेल, तर फोटो दिसतील, पण नवा टाकता येणार नाही. त्या नव्या खात्याला दोन्हीकडे नावानिशी जोड. फोटो नुसते बघायचे असतील तर ‘रीड’ पुरे.

कधी फोल्डर उघडतो, बाकी फोटो दिसतात, आणि त्यातलेच दहा-बारा रुसून बसतात. ते त्याच ड्राइव्हवरच्या दुसऱ्या फोल्डरमधून कट-पेस्ट करून आणलेले असण्याची दाट शक्यता. कॉपी केलेली फाइल नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. त्याच ड्राइव्हवर हलवलेली मात्र आपल्या जुन्याच परवानग्या घेऊन येते. त्यासाठी सिक्युरिटीच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये खाली एक चौकोन आहे, आतल्या सगळ्या फाइल्सना याच फोल्डरच्या परवानग्या लावणारा. त्यावर टिक कर. पण फक्त फोटोंच्या फोल्डरवर हं, अख्ख्या सी ड्राइव्हवर कधीच नाही.

राउटरला लावलेली जुनी हार्ड डिस्क विंडोज ११ प्रोवर २४एच२ अपडेटनंतर उघडेनाशी झाली असेल, तर ते प्रकरण वेगळं. या आवृत्तीनं पासवर्डशिवायचा गेस्ट प्रवेश बंद केलाय आणि सही नसलेली जोडणीही ती नाकारते. राउटरच्या सेटिंगमध्ये डिस्कला पासवर्ड लावता येतो का ते आधी बघ. विंडोजचं संरक्षण सैल करायला जाऊ नकोस.

एवढं करूनही अडलं, तर मला ‘होत नाहीये’ एवढंच लिहू नकोस. स्क्रीनवरची ओळ जशीच्या तशी पाठव, कुठल्या मशीनवर आली तेही सांग, मग रात्री निवांत फोनवर बसून बघू.