गोशाळा-पांजरपोळांना काडाची मदत

मार्च २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आहे. त्यामुळे थकलेल्या बैलांचा भार गोशाळा व पांजरपोळांवर वाढला असून उन्हाळ्यात तेथे चारा कमी पडतो. म्हणून शेतकरी बंधूंनी गव्हाचे काड, भाताचा पेंढा जाळू नये. तो जवळच्या संस्थेस शक्यतो प्रक्रिया करून द्यावा. १०० किलो कोरड्या काडासाठी ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर सारखा शिंपडावा. ढीग दाबून, प्लॅस्टिकच्या कागदाने झाकून २१ दिवस हवाबंद ठेवावा. काड मऊ व पौष्टिक होते. युरियाचे पाणी विषारी असते, जनावरांचे तोंड लागू देऊ नये. खाऊ घालण्यापूर्वी चारा पसरून वास जाऊ द्यावा. ६ महिन्यांखालील वासरांना देऊ नये. बुरशीचा चारा दानातही नको. तो थकलेल्या जनावराच्या जिवावर बेततो.